रॅम्पवरचा सहकारी जायबंदी झालाय: पहिल्या पंधरवड्याची मदत आणि त्यानंतरचे महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. रॅम्पवरचा, म्हणजे विमानतळावर विमानं उभी राहतात त्या जागेवरचा, एक लोडर, पस्तिशीच्या आतला, टर्नअराउंड (आलेलं विमान पुन्हा सुटण्यासाठी तयार करण्याचं काम) चालू असताना मागे येणारा बेल्ट लोडर (पट्ट्यावरून विमानात सामान चढवणारी गाडी) आणि सामानाची डॉली (ओढायची गाडी) यांच्यामध्ये सापडला. उजवा पाय गुडघ्याखाली चेंगरला. नऊ दिवस झाले, तो अजून आयसीयूत आहे आणि पाय वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. घरी बायको आणि दोन लहान मुलं. सव्वाशे सहकारी आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी करायचंय. पैसे गोळा होताहेत, रक्त द्यायला रांग लागलीय, ‘त्याच्या शिफ्ट आपण वाटून घेऊ’ असंही चाललंय. विचारणारा म्हणतो, आणखी काय करू? आणि बेल्ट लोडर चालवणारा मुलगा घरी बसून आहे, तो मला विचारतोय की भेटायला जाऊ का, त्याला काय सांगू?

सत्तावीस वर्षं मी एप्रनवर, म्हणजे याच रॅम्पवर, काढली. लोडर म्हणून लागलो, टग (विमान ओढणारी-ढकलणारी गाडी) चालवला, हेडसेट लावून पुशबॅक केले, म्हणजे विमानं मागे ढकलून बाहेर काढली, मग शिफ्ट सुपरवायझर झालो आणि शेवटची अकरा वर्षं ग्राउंड सेफ्टीत होतो. या काळात गंभीर जखमी झालेल्या सात सहकाऱ्यांच्या घरच्यांबरोबर मी शेवटपर्यंत राहिलो. ‘शेवटपर्यंत’ म्हणतो, पण पहिल्या वेळी तसं घडलं नव्हतं, आणि तुम्हाला जे सांगायचंय ते सगळं त्या पहिल्या वेळेतूनच आलंय.

तो पहिला सहकारी टो-बारखाली, म्हणजे टग आणि विमान जोडणाऱ्या दांड्याखाली, आला होता. पहिले दहा दिवस हॉस्पिटलच्या आवारात आमच्या जॅकेटांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. रक्त गरजेच्या तिप्पट दिलं. पैसे जमले ते एका पाकिटात घालून वहिनींच्या हातात ठेवले, नीट मोजलेही नव्हते. वहिनींनी ते त्याच दिवशी हॉस्पिटलच्या बिलापोटी भरले. ते बिल मुळात कंपनीने भरायचं होतं. तिसऱ्या महिन्यात तो घरी आला. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं, जिना उतरवायला दोन माणसं लागायची, आणि आमच्यातलं कुणी तिथे नव्हतं. कुणाचं मन आटलं होतं असं अजिबात नाही. रोज नवी विमानं येतात, शिफ्ट बदलतात, आणि दुसरं कुणीतरी जात असेलच असं प्रत्येकाने धरून चाललं होतं. पाचव्या महिन्यात वहिनी मला म्हणाल्या, ‘तेव्हा तुम्ही एवढे सगळे होतात, आता हाक मारायची तर कुणाला मारू हेच कळत नाही.’

म्हणून तुमच्या सव्वाशे जणांना माझं पहिलं सांगणं हे, की आज लागणाऱ्या मदतीची काळजी कमी करा. आज ती आहेच. तिसऱ्या, सहाव्या, अकराव्या महिन्याची माणसं आजच ठरवा, कारण नावं लिहून घ्यायची तर सगळ्यांचं रक्त उसळलेलं असतानाच घ्यावी लागतात. आपल्याला रोस्टर कळतं. बे नंबर (विमान उभं राहायच्या जागेचा), वेळ, कोण हेडसेटवर, कोण चोकला (चाकांना ठोकळे लावायला), हे लिहिलेलं असतं म्हणून विमान सुटतं. तसाच कागद इथे करा. वर्षाचे बावन्न आठवडे, प्रत्येक आठवड्याला दोन नावं. सव्वाशे लोकांत एकाच्या वाट्याला वर्षातून एखादाच आठवडा येतो. त्या आठवड्यात घरी फोन करायचा, काय लागतं ते विचारायचं आणि तेवढं करायचं. याशिवाय एक जण कायमचा, घरच्यांना ओळखीचा, ज्याच्याकडून सगळे निरोप जातील असा. तो सुपरवायझर नको आणि युनियनचा पदाधिकारीही नको, कारण त्या दोघांना उद्या कंपनीशी वेगळ्या नात्याने बोलावं लागेल. शांत डोक्याचा, शक्यतो त्याच्याच टोळीतला माणूस निवडा.

आता रक्ताचं, कारण ते आज चाललंय. रांग लावू नका. साठवलेल्या लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाच-सात दिवसच. आणि एकदा रक्त दिलेल्या माणसाला पुन्हा द्यायला दोन ते चार महिने थांबावं लागतं, नेमका नियम तुमची रक्तपेढी सांगेल. सगळ्यांनी एकाच आठवड्यात दिलं तर तिसऱ्या ऑपरेशनच्या वेळी द्यायला कुणी उरत नाही. चेंगरलेल्या पायाची ऑपरेशनं एकात संपत नाहीत. मेलेला भाग काढणं, जखम पुन्हा उघडून धुणं, त्वचारोपण असं ते आठवडेच्या आठवडे चालतं. रक्तपेढीला विचारा की किती लागेल आणि कधी, आणि आठ-आठ जणांच्या तुकड्या करा. रक्त दिलेल्या दिवशी कुणालाही टग, हाय-लोडर (माल उंच उचलणारं यंत्र) किंवा उंचीवरचं काम देऊ नका. रॅम्पवर एका क्षणाची किंमत काय असते ते तुम्ही नऊ दिवसांपूर्वी पाहिलंय.

डॉक्टरांचं बोलणं घरच्यांच्या कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही, म्हणून एक-दोन गोष्टी तुम्ही समजून ठेवा. लागलंय पायाला, मग डायलिसिस कशाला, असं वहिनी विचारतील. स्नायू बराच वेळ दाबला गेला की त्याच्या पेशी फुटतात आणि दाब सुटल्यावर आतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन रक्तात मिसळतं. पोटॅशियम हृदयावर जातं, मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं. १९४१ साली लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या लोकांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. पायावर लांब चीर देऊन ती उघडी ठेवलेली दिसेल, तेही मुद्दाम केलेलं असतं. आत सूज वाढून रक्तपुरवठा कोंडतो, तो मोकळा करण्यासाठी. आणि तो असंबद्ध बोलला, तुम्हाला ओळखलं नाही, नर्सवर ओरडला, तर घाबरू नका. आयसीयूत, विशेषतः कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांत, असा भ्रम खूप दिसतो आणि बहुतेकांचा ओसरतो. भेटायला दिवसाला एक-दोन जण पुरेत. उघड्या जखमेजवळ वीस माणसांची वर्दळ हा संसर्गाचा धोका आहे. बाकीच्यांनी बाहेर थांबण्यापेक्षा घरी जाऊन मुलांना शाळेत सोडावं.

पैशाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुटलेली नाती मी तिथेच पाहिलीत.

एकाच माणसाच्या खात्यावर गोळा करू नका. वेगळं खातं काढा, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं, आणि त्यात एक सही घरच्यांपैकी कुणाची तरी असू द्या. जमा-खर्चाचा कागद महिन्यातून एकदा सगळ्यांना दिसला पाहिजे. पण कुणी किती दिले त्याची यादी लावू नका. ज्याचं स्वतःचंच भागत नाही त्याला ती यादी टोचते. उरलेल्या पैशाचं काय करायचं हे आजच लिहून ठेवा, आणि दुर्दैवाने तो वाचला नाही तर काय, हेही. हे लिहिताना हात थरथरतो, पण नंतर ठरवायला बसलात तर भांडणं होतील.

एकरकमी देऊ नका. पहिला हप्ता तातडीचा द्या, पण तो हॉस्पिटलच्या बिलासाठी नव्हे. घर चालायला हवं, येणं-जाणं आहे, मुलांची फी आहे, वहिनी कामावर जात असतील तर त्यांचा बुडालेला पगार आहे. उपचाराचा खर्च कुणी करायचा याचं उत्तर आधी कंपनीकडून लेखी येऊ द्या. तुम्ही भलेपणाने बिल भरत राहिलात तर ज्याची जबाबदारी आहे तो निवांत बसतो. बाकीचे पैसे दर महिन्याला ठरलेली रक्कम असे जाऊ द्या. कंपनीने तुमच्या वर्गणीत भर घालायची तयारी दाखवली तर आनंदाने घ्या. फक्त ही मदत भरपाईतून वजा होणार नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या.

ऑनलाइन मदत मागणार असाल तर घरच्यांची परवानगी आधी घ्या, आणि तो शुद्धीवर आला की त्यालाही विचारा. नळ्या लावलेला फोटो टाकू नका. कामाच्या कपड्यात हसणारा फोटो टाका, त्याची मुलं पुढे कधीतरी तो पाहणार आहेत. अपघात कसा झाला याचं एक वाक्यही तिथे नको. अपघाताचा व्हिडिओ कुणाच्या फोनमध्ये असेल तर तो पुढे पाठवणं आजपासून बंद. पण डिलीटही करायचा नाही. तो पुरावा आहे.

‘त्याच्या शिफ्ट वाटून घेऊ’ ही गोष्ट मनापासून आलेली आहे हे कळतं. तरी करू नका. कागदावर तो हजर दाखवला गेला तर ‘कामावर असताना जखमी होऊन गैरहजर’ ही नोंदच खोटी पडते, आणि त्याचा सगळा हक्क त्या नोंदीवर उभा असतो. दुसरं, दमलेली माणसं. बारा तासांची शिफ्ट करून मित्रासाठी आणखी सहा तास थांबलेला माणूस पहाटे इंजिनासमोरून चालत जातो आणि त्याचं बीकनकडे (इंजिन चालू असल्याची खूण देणाऱ्या विमानाच्या लाल दिव्याकडे) लक्ष नसतं. मी हे पाहिलंय. एका अपघातानंतरच्या महिन्यात आमच्याकडे दुसरा थोडक्यात टळला, तो अशाच जादा शिफ्टमध्ये. कंपनीच्या नियमांत रजा दुसऱ्याला देता येत असेल तर रजा द्या. ओव्हरटाइमचे पैसे द्यायचे असतील तर ते खात्यावर द्या. त्याची रिकामी जागा मात्र कंपनीने माणूस आणून भरायची असते.

आता कागद. भावनेच्या भरात हेच मागे पडतं, आणि दोन वर्षांनी सगळ्यात जास्त उपयोगाला येतं तेही हेच.

रॅम्पवरच्या अपघाताची एक अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. विमान-अपघात म्हणजे काय याची आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची व्याख्या आहे, शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात. उड्डाणाच्या हेतूने कुणी विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंतच्या काळात, विमानाच्या आत, विमानाच्या भागाला लागून किंवा इंजिनाच्या झोताने माणूस दगावला किंवा गंभीर जखमी झाला तर तो त्यात बसतो. बेल्ट लोडर आणि डॉलीमध्ये चेंगरलेला माणूस त्यात बसत नाही. म्हणजे विमान-अपघातांचा तपास करणारी सरकारी यंत्रणा बहुधा येणार नाही. तपास कंपनी करते, विमानतळ चालवणारी संस्था करते, कामगार-सुरक्षेचं खातं असेल तर ते करतं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनचा जुना अंदाज असा होता की जगभरात वर्षाला २७,००० रॅम्प अपघात आणि घटना घडतात आणि सुमारे २,४३,००० माणसं जखमी होतात. एवढी माणसं, आणि बहुतेकांच्या अपघाताचा अहवाल त्यांच्या स्वतःच्या हातात कधी पडत नाही.

त्यामुळे हे या आठवड्यातच करा. अपघाताची नोंद झाली आहे का, तिचा क्रमांक काय, वेळ आणि बे बरोबर आहेत का, ते पाहा. त्या दिवशीचं रोस्टर, कुणाची किती तास ड्युटी झाली होती, त्या बेल्ट लोडरची शिफ्टच्या सुरुवातीची तपासणी, त्याच्या ब्रेकबद्दल किंवा रिव्हर्स अलार्मबद्दल आधी कुणी तक्रार लिहिली होती का, मागे घेताना इशारा द्यायला माणूस होता का, नसेल तर का नव्हता, हे सगळं आलं. सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते राखून ठेवा, अशी लेखी मागणी घरच्यांच्या किंवा युनियनच्या नावाने आजच जाऊ द्या, उद्यावर नको. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्यांनी आपापलं वेगवेगळं लिहून, तारीख घालून ठेवावं. एकत्र बसून लिहू नका. मग सगळ्यांचं एकसारखं होतं आणि त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पाहिलं तेवढंच लिहा. ‘बहुतेक तो घाईत असावा’ असली वाक्यं नकोत.

मालक कोण, हेही लिहून घ्या. एकाच बेवर एअरलाइनचा माणूस, हँडलिंग कंपनीचा माणूस, मजूर-कंत्राटदाराचा माणूस आणि विमानतळाचा माणूस उभा असतो. जॅकेटवर एक नाव, पगाराच्या कागदावर दुसरं. अपघात झाला की प्रत्येक जण पलीकडच्याकडे बोट दाखवतो. त्याचं नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, पास कुणाच्या नावाने निघाला होता ते, या तिन्हीच्या प्रती वहिनींच्या फाइलमध्ये असू द्या.

भरपाईचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण त्यांचा गाभा बऱ्याच ठिकाणी एकच आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या काळात कामगारांच्या अपघात-विम्याचा कायदा झाला तेव्हापासून हे तत्त्व रुजलं, की कामावर लागलं असेल तर चूक कुणाची हे सिद्ध न करता भरपाई मिळावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९६४ चा १२१ वा करार उपचार आणि नियमित रोख रक्कम असं दोन्ही मागतो. पूर्ण अपंगत्व आलेल्या, बायको आणि दोन मुलं असलेल्या कामगाराला वेतनाच्या किमान साठ टक्के, हा त्यातला मापदंड. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही. पण ‘तुझीच चूक होती, तुला काही मिळणार नाही’ असं कुणी त्याच्या कानात सांगितलं तर ते ऐकून गप्प बसू नका. आणि तो परदेशातून कामाला आलेला असेल तर १९२५ चा १९ वा करारही लक्षात ठेवा. तो मान्य केलेल्या देशांनी एकमेकांच्या नागरिकांना भरपाईत आपल्या कामगारांसारखंच वागवायचं असतं.

एका गोष्टीत मी हट्टी आहे. अंतिम तडजोडीच्या कागदावर घाईने सही होऊ देऊ नका. पहिल्या दोन महिन्यांत कुणीतरी गोड बोलून मोठा वाटणारा आकडा घेऊन येतो. पाय वाचला तरी तो कितपत चालेल हे वर्षभर कळत नाही. पाय गेला तर कृत्रिम पाय हा एकदाचा खर्च नसतो. पहिल्या वर्षात उरलेला भाग आक्रसत जातो, त्यामुळे त्यावर बसणारा सॉकेट पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, आणि पुढे दर काही वर्षांनी अख्खा पायच नवा लागतो. पस्तिशीच्या माणसासाठी हा हिशोब तीस-चाळीस वर्षांचा आहे. कामगार-भरपाईच्या प्रकरणांत मुरलेला वकील शोधा. तुमच्या जमलेल्या पैशांतला सगळ्यात चांगला खर्च तो ठरेल.

तो घरी आल्यावरचं थोडं. पाय काढावा लागला तर नसलेला पाय दुखतो असं तो सांगेल. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणू नका. सायलस वियर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ साली नसलेल्या अवयवाच्या या भासाला नाव दिलं, अशी वेदना बहुतेकांना कमी-अधिक होते, आणि तिच्यावर औषधं आहेत, १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी सुचवलेला आरशाचा व्यायामही आहे. डॉक्टरांना सांगायला लावा. रोस्टरवरच्या दोघांनी फिजिओथेरपीला नेताना आपणच त्याला धरून चालवण्याचा हट्ट करू नये, थेरपिस्ट सांगेल तेवढाच हात द्यावा. आणि घरी जाऊन नुसतं रॅम्पवरचं सांगा. कोणती फ्लाइट उशिरा आली, कुणाचं प्रमोशन झालं, कुठल्या बेवर नवा डांबरीपट्टा पडला. त्याला दयेचा कंटाळा येतो. बातम्यांचा येत नाही.

कामावर परत येण्याची गोष्ट तो स्वतः काढेल. तोपर्यंत दोन गोष्टी सांभाळा. त्याच्या एअरसाइड पासची (विमानांच्या भागात जायच्या परवान्याची) मुदत आणि त्याच्या प्रशिक्षणाच्या तारखा. लांब रजेत हे दोन्ही गुपचूप संपतात, आणि मग परत येणारा माणूस नव्या उमेदवारासारखा पहिल्यापासून अर्ज करतो. कंपनीकडून त्याला काय काम देता येईल ते आधीच बोलून ठेवा. लोड कंट्रोल (विमानातल्या वजनाचा हिशोब) आहे, डिस्पॅच (विमान वेळेवर सोडण्याचं काम) आहे, उपकरणांच्या तपासणीचं काम आहे, प्रशिक्षण आहे. फक्त प्रशिक्षणात त्याला ‘बघा, असं होतं’ म्हणून उभं करू नका. एका ठिकाणी तसं केलं होतं. त्या माणसाने चौथ्या दिवशी राजीनामा दिला.

आता ज्यांनी पाहिलं त्यांच्याबद्दल, आणि त्या मुलाबद्दल. हा माझ्या मनाचा सगळ्यात हळवा कोपरा आहे.

अपघातानंतर कंपन्या कधीकधी सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय पाहिलं, काय वाटलं’ ते बोलायला लावतात. हेतू चांगला असतो. पण अशा एकदाच घेतलेल्या बैठकांच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २००२ साली आढावा घेतला, त्यात या बैठकांनी पुढचा मानसिक आघात टळतो असं दिसलं नाही, उलट काहींना त्रास वाढण्याची शक्यता दिसली. म्हणून कुणाला बोलायची सक्ती करू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शन तीन कामं सांगतं: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण जेवत नाही, कोण झोपत नाही, कोण बेल्ट लोडरजवळून जाताना थबकतो, ते पाहा. बोलायचं असेल त्याचं ऐका. आणि महिनाभरानंतरही स्वप्नं पडत असतील, त्या बेवर जायला अंगावर काटा येत असेल, तर त्याला तज्ज्ञाकडे न्या. हात धरून न्या, पत्ता देऊन सोडू नका. अपघाताच्या वेळी ज्याने आपला पट्टा काढून पाय आवळला, ज्याच्या हाताला रक्त लागलं, त्याच्याकडे सगळ्यांत आधी बघा. त्याला सगळे शाबासकी देताहेत, त्यामुळे त्याची झोप उडालीय का हे कुणी विचारत नाही.

आणि चालवणारा मुलगा. तो घरी बसलाय म्हणजे निलंबित आहे की रजेवर, हे आधी लेखी समजून घ्या, कारण त्याच्या पगाराचा प्रश्न आहे. त्याला जबाब देण्याआधी सल्ला घ्यायला सांगा. सुरक्षाशास्त्रात एक बदलीची कसोटी आहे: तेवढंच शिकलेला, तेवढाच दमलेला, त्याच घाईत असलेला दुसरा कुणी त्या सीटवर असता तर वेगळं वागला असता का? तुम्ही सव्वाशे जण मनाशी खरं उत्तर द्या. इशारा द्यायला माणूस नसताना तुमच्यापैकी किती जणांनी बेल्ट लोडर मागे घेतलाय? मी घेतलाय, कितीतरी वेळा, आणि माझ्यामागे तेव्हा कुणी उभं नव्हतं एवढंच. हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. जखमी सहकाऱ्यासाठी तुम्ही एकत्र आलात ते या मुलाला सोडून आलात, असं त्याला वाटता कामा नये. त्याच्या घरीही रोस्टरवरची दोन नावं जाऊ द्या. तो एकटा राहणार नाही याकडे पहिले काही आठवडे खास लक्ष द्या. ‘जगून काय करू’ असं काही बोलला, किंवा एकदम गप्प झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

भेटायला जाऊ का, याचं उत्तर: आत्ता नाही. आज त्या मुलाला स्वतःचं ओझं उतरवायचंय, आणि आयसीयूतल्या माणसाला दुसऱ्याचं ओझं उचलायला लावायचं नसतं. वहिनींच्याही समोर तो अचानक उभा राहायला नको. तुमच्या कायमच्या माणसाने योग्य वेळी, जखमी मित्र नीट शुद्धीवर आणि थोडा स्थिर झाल्यावर, त्यालाच विचारावं, ‘तो यायचं म्हणतोय, चालेल का?’ तो नाही म्हणाला तर विषय तिथेच थांबवा, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारा, त्याहून जास्त नाही. हो म्हणाला तर मुलाला एकट्याने पाठवू नका, आणि माफी मागताना ‘मला माफ केलंस ना?’ असं विचारू नको म्हणून आधी सांगा. त्या प्रश्नाला समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. वकिलांना भेटीची कल्पना असावी, आणि अपघात कसा झाला यावर दोघांनी तिथे बोलू नये.

त्या टो-बारवाल्या माणसाच्या वेळी टगवरचा मुलगा पाचव्या महिन्यात गेला. मी बरोबर होतो. मुलाने आठवडाभर काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं आणि दारातच सगळं विसरला. पलंगावरचा त्याच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘ड्युटीवर जातोस का रे?’ मुलगा म्हणाला, नाही, अजून टगवर बसवत नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग पलंगावरच्याने विचारलं, तीन नंबरच्या टगचा ब्रेक त्यांनी शेवटी बदलला की नाही. मुलाने सांगितलं, बदलला. त्यानंतर दोघं पाऊण तास त्या टगबद्दलच बोलत होते, आणि वहिनी मधूनमधून पाणी आणून देत होत्या.